वाचताना गाळलेल्या ओळी

अहमदनगर,
रविवार, २१ जानेवारी १९७३

चि. अनसूयेस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. तुझ्या आईला येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, जिथे कागद संपतो तिथे, तू 'ती. अण्णांस सा. न.' असं लिहितेस. साष्टांग नमस्काराला आठ अंगं लागतात : उर, शिर, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. तू आठांची दोन अक्षरं केलीस. उरलेली सहा अंगं लीड्समध्ये राहिली, की वाटेत टपालवाल्यांनी काढून घेतली, याचा सवडीने खुलासा व्हावा.

अक्षर तुझ्या ओळखीचं आहे. गेली दोन वर्षं आईची पत्रं मीच लिहितो, तिला कामातून सवड होत नाही म्हणून. पण हे पत्र तिचं नव्हे, माझं. पाच वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलं, म्हणून तू दचकशील. दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. दहा दिवसांपूर्वी वरच्या फळीवरचा शब्दकोश काढताना स्टूल आणि मी यांच्यात मतभेद झाला. स्टूल आपल्या मतावर ठाम राहिलं. मांडीचं हाड मोडलं. नेवाशाहून जीपमधून नगरला आणलं आणि इथल्या एका धर्मादाय दवाखान्यात पाय दोरीने बांधून, दोरी कप्पीवरून नेऊन, तिच्या टोकाला दोन विटा टांगून ठेवल्या आहेत. दहा-बारा आठवडे असंच. पोटावर पाटी ठेवून लिहितो आहे, त्यामुळे ओळी चढणीला लागल्या तर तो श्वासोच्छ्वासाचा दोष समजावा.

आमच्या वॉर्डात वीस खाटा आणि एक सिस्टर. तिचं नाव अन्नम्मा. केरळातली, कोट्टयमकडची, वयाने तुझ्याएवढी. तिचं मराठी सहा महिन्यांचं आहे, म्हणजे नुकतं बसायला लागलं आहे, उभं राहत नाही. माझं मल्याळम अजून जन्मायचं आहे. माझं इंग्रजी शाळेचं आणि तिचं दवाखान्याचं, तेही एकमेकांना फारसं ओळखत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी कळवळून 'वेदना' म्हटलं आणि तिने मान वर केली. मग तिने 'रक्तम्' म्हटलं, मी मान हलवली. जलम्, उदरम्, हृदयम्... एकेक शब्द असा निघत गेला, जसे लग्नात दूरचे नातेवाईक सापडतात. पंचवीस वर्षं मुलं मला विचारत आली, गुरुजी, संस्कृतचा उपयोग काय? आता उत्तर आहे : पलंगावर पडल्या पडल्या भांडं मागता येतं.

तेव्हापासून वॉर्डाचा दुभाषी मी. गावोगावचे लोक येतात, त्यांना तिचं कळत नाही, तिला त्यांचं. ती खाटेपाशी उभी राहून मला हाक मारते, "मास्तर, विचारा." मी विचारतो. वीस खाटांपर्यंत माझा आवाज पोचतो. वर्गाची सवय.

जाता जाता एक. डिसेंबरच्या पत्रात तू आईला लिहिलं होतंस की ती 'ये' म्हणाली तर मार्चअखेर सगळं आवरून घरी येशील. नाही म्हणाली तर तिथल्या दवाखान्याच्या मेट्रनच्या पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही करशील. माझा पाय मोडण्याच्या आदल्या दिवशी तुझं दुसरं पत्र आलं, 'उत्तर का नाही?' असं. हल्ली टपालाचा भरवसा राहिलेला नाही. तुझी आई विचार करते आहे.

तुझा,
अण्णा

*

अहमदनगर,
शुक्रवार, २ फेब्रुवारी १९७३

चि. अनसूयेस आशीर्वाद.

तुझं उत्तर इतक्यात येणार नाही हे मी जाणतो. हवाईपत्रालाही समुद्र ओलांडावाच लागतो. पाच वर्षं मी ओलांडला नाही, तेव्हा तू बारा दिवसांत ओलांडावास अशी अपेक्षा करणं बरं नव्हे.

दुभाषाचा धंदा तेजीत आहे. शेजारच्या खाटेवर काष्टीचे कानिफनाथ म्हणून एक शेतकरी आले आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडताना दगड पायावर आला, अंगठा चेचला. त्यात हळद भरली, चुना भरला, आणखी काय काय भरलं आणि चार दिवसांनी इथे आले. बायको मनकर्णाबाई अंगणात तीन दगडांची चूल मांडून राहिली आहे. आल्या दिवशी सिस्टर म्हणाली, "मास्तर, विचारा. सुई घेतली का?"

मी विचारलं. आता उत्तर ऐक, जसंच्या तसं देतो, तुला गावची भाषा विसरायला झाली असेल :

"घेतली की गुरुजी! न घेऊन सांगता कुनाला? कामावर समद्यांस्नीच दिली. डाक्टर आलं हुतं जीप घिऊन. गडी एका अंगाला, बाया एका अंगाला, ही मोठी रांग! आमची मनकर्णा सुई बघून जी पळाली ती थेट नाल्यात. मुकादमानं धरून आनली. म्या म्हनलं, सायेब, तिची बी मलाच द्या, दोन घेतो, पर बाईमानसाला रडवू नका. लई हसलं डाक्टर."

"व्हय, हसत्यात," खिडकीतून मनकर्णाबाई म्हणाल्या. "सवताला टोचताना डोळं मिटून बसलं हुतं, त्ये न्हाई सांगत गुरुजीस्नी."

एवढ्या पुराणातून मी दोन शब्द काढून सिस्टरच्या हाती ठेवले : येस, टेकन. तिने ते कागदावर लिहिले. ताक घुसळून लोण्याचा गोळा काढून द्यावा तसं मला वाटलं. दुभाषी म्हणजे काय, तर पाल्हाळ आपल्या पदरी ठेवणारा माणूस. सिस्टरला वीस खाटा असतात, तिला नाला आणि मुकादम काय कामाचे?

कालपासून कानिफनाथांची तक्रार भाकरीची आहे. रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी मिळते, अमेरिकेची. तिच्या भाकरीबद्दल जिल्हाभर जे बोललं जातं ते मी कन्येला लिहू शकत नाही. "चावंना गुरुजी. दाढंला धरून बसती. गिळाया बी जड." मी सिस्टरला सांगितलं, पेशंटला अन्न रुचत नाही. ती म्हणाली, "मास्तर, इथलं अन्न कुणाला रुचतं? मला पण नाही." आणि हसली. ही मुलगी आठवड्यातून एकदा हसते. त्याचं श्रेय मी घेतो.

तुझी पत्रं आईला वाचून दाखवताना मी हेच कसब वापरतो. ती म्हणते, तुमचं वाचन कसं गोड लागतं. तूही कानिफनाथांच्या जातकुळीची आहेस. मागे तू लिहिलंस, की एक म्हातारा खाणकामगार काय बोलतो ते तुला कळत नाही, तो विचारतो 'येस?' आणि तू म्हणतेस 'येस', मग तो झोपतो आणि तू न्हाणीघरात जाऊन रडतेस. आता यातलं आईला काय सांगायचं? मी वाचलं, 'इथले पेशंट प्रेमळ आहेत.' अर्थ एकच होतो.

तिची तब्येत ठीक आहे. घरी एकटी नाही, शेजारच्या मुबारकबीची शरिफा रात्री सोबतीला असते. अकरावीला आहे, माझीच विद्यार्थिनी. व्याकरण कच्चं, उच्चार स्वच्छ.

अण्णा

*

अहमदनगर,
रविवार, ११ फेब्रुवारी १९७३

चि. अनसूये,

आज तक्रार नाही.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी कानिफनाथांचा चेहरा हसरा दिसत होता. ओठ ताणलेले, दात दिसत होते. मी म्हटलं, "काय राव, आज खुशीत?" ते काही बोलले नाहीत. सिस्टर थर्मामीटर घेऊन आली, म्हणाली तोंड उघडा. तोंड उघडेना. बोटभर फट पडली, तीही थरथरत. तिने थर्मामीटर खिशात ठेवला, दोन्ही हातांनी त्यांचा जबडा चाचपला, मग मान, मग पोट. पोट पाटीसारखं कडक होतं. ती पळाली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

धनुर्वात. मिलोची भाकर चावत नव्हती ती भाकरीमुळे नव्हे. मी ज्याला अरुची म्हणून पुढे दिलं तो जबडा धरत होता. तीन दिवस ते मला सांगत होते आणि तीन दिवस मी ते सुधारून घेत होतो.

त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. खिडकीला काळं कापड लावलं. उजेड नको, आवाज नको, भांडं वाजलं तरी झटका येतो. वॉर्डात सगळे कुजबुजून बोलू लागले. माझा वीस खाटांना पुरणारा आवाज कुणालाच नको होता.

दुपारी सिस्टर माझ्यापाशी आली. स्टूल ओढून बसली. म्हणाली, "पहिल्या दिवशी ते काय बोलले? सगळं सांगा." मी सांगू लागलो. मोडकं इंग्रजी, आमचे ते पाव्हणे शब्द आणि हातवारे. जीप सांगितली, डॉक्टर सांगितला. रांग म्हटल्यावर तिने हात वर केला.

"रांग? सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"पाय चेचायच्या आधी?"

तेव्हा मला कळलं. ती सुई पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची होती. दुष्काळी कामांवर पाण्यामुळे पटकी पसरू नये म्हणून सरकार सगळ्यांना टोचतं. धनुर्वाताची सुई त्यांना कुणी दिलीच नव्हती, आणि इथे दिली गेली नाही ती 'टेकन' या माझ्या लोण्याच्या गोळ्यामुळे. नाल्यात पळणारी मनकर्णा मी सांगितली असती, तर तिला तेव्हाच उमगलं असतं.

मला वाटलं ती ओरडेल. मी असतो तर ओरडलो असतो, छडीही घेतली असती. ती हळू आवाजात, शब्द शोधत म्हणाली, "मास्तर, तुम्ही चांगलं बोलता. मला चांगलं नको. मला सगळं पाहिजे. कचरा पण." मग उठली, माझ्या पलंगाखालचं भांडं उचललं आणि धुवायला घेऊन गेली.

हे मी तुला का लिहितो आहे ते तुला कळलं असेल. तू निघालीस त्या दिवशी नगरच्या स्टेशनवर मी एकच वाक्य बोललो होतो. परक्यांचं मलमूत्र काढायला मी तुला शिकवलं का, हे ते वाक्य. तू फलाटावर वाकून नमस्कार केलास. तेव्हा आठही अंगं होती. गेला महिनाभर माझं मलमूत्र एक परकी मुलगी काढते आहे आणि रोज सकाळी विचारते आहे, "मास्तर, झोप झाली?" तिच्या बापाने तिला काय सांगून पाठवलं असेल, हे मी विचारलेलं नाही.

संध्याकाळी मनकर्णाबाई आल्या. पदर दाताखाली धरलेला. म्हणाल्या, "गुरुजी, तुमी तर समदं सांगितलं हुतं ना बाईंस्नी? आमास्नी न्हाई बोलता येत, पर तुमी हुता म्हनून मी निवांत हुते."

मी म्हटलं, "सांगितलं होतं."

रात्र तशीच काढली. सकाळी त्यांना खिडकीशी बोलावून खरं सांगितलं. त्यांनी आधी पदर सावरला. मग म्हणाल्या, "ह्यांचं बोलनं हायच लांबडं. मी बी निम्मं ऐकत न्हाई." आणि खोलीच्या दाराशी जाऊन बसल्या. त्यांनी मला माफ केलं की काय केलं, मला ठरवता येत नाही.

तर आता टपालाविषयी. टपालाचा काही दोष नाही. तुझी दोन्ही पत्रं वेळेवर आली. 'आई ये म्हणाली तर येईन' ही ओळ मी तिला वाचूनच दाखवली नाही. दोन्ही वेळा. ती विचार करते आहे असं मी लिहिलं, पण तिला विचार करायला मी काही दिलेलंच नाही.

कारण विचारशील. मीही इथे पडून शोधलं. भारदस्त कारणं बरीच सापडली : तिच्या जिवाला घोर नको, तुझी नोकरी सुटू नये, वगैरे. सिस्टर म्हणेल, चांगलं नको. मग उरतं ते असं, की प्रश्न तू आईला विचारला होतास. मला विचारला नव्हतास. आणि मी वाचत होतो.

कानिफनाथांचं अजून काही सांगता येत नाही. झटके येतात.

अण्णा

*

अहमदनगर,
रविवार, २५ फेब्रुवारी १९७३

चि. अनसूये,

आधी कानिफनाथ. काल त्यांचं तोंड दोन बोटं उघडलं. सिस्टरने चमच्याने पेज भरवली. पहिला शब्द ते काय बोलले असतील? "मिलो न्हाई ना?" सगळा वॉर्ड हसला, हळू. डॉक्टर म्हणतात वाचतील. अंगठा गेला. मनकर्णाबाईंनी मला अंगणातून चहा पाठवला. मी तो प्यायलो, साखर दुप्पट होती.

तुझं उत्तर नाही. माझं अकरा तारखेचं पत्र तुला मिळालं असेल किंवा उद्या मिळेल. काहीही लिहू नकोस असं वाटलं तर नको लिहूस, पण हे मात्र शेवटपर्यंत वाच. यात काही गाळलेलं नाही.

बुधवारी तुझी आई आली. एस. टी.ने, शरिफाचा हात धरून. माझ्या खाटेपाशी उभी राहिली, म्हणाली, "पाय कुठाय?" मी म्हटलं, वर टांगला आहे, दिसत नाही का? ती म्हणाली, "असू दे, आहे ना." शरिफा खाली बघत होती.

मग तिने पिशवीतून तुझ्या पत्रांचा डबा काढला. तोच, बिस्किटांचा. मांडीवर घेऊन बसली. मी नगरला आल्यावर तुझं तिसरं पत्र घरी आलं होतं. ते शरिफाने तिला वाचून दाखवलं. 'आई, तू उत्तर का देत नाहीस? मी नको असेन तर तसं सांग.' पोरीने जे होतं ते वाचलं, तिला दुसरं काही येतच नाही. मग आईने तिच्याकडून डब्यातली सगळी पत्रं पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतली. दोन दिवस लागले.

मी तयारी करून बसलो. शब्दांची मला कधी टंचाई नसते. पण ती भांडली नाही.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही वाचता ते फार छान असतं. त्यातली मुलगी सदा खुशाल असते. शरिफा वाचते ती माझी अनू असते."

मी पाटीवरचा कागद सरळ केला.

"खाणीतल्या म्हाताऱ्याचं नाही सांगितलंत मला. न्हाणीघरात रडते ते नाही सांगितलंत."

"तुला घोर लागला असता."

"मग लागायचा! आई कशाला असते?"

शरिफा मध्येच म्हणाली, "गुरुजी, मी आपलं जसं लिहिलंय तसं वाचलं. चुकलं का?" पंचवीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याने मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता.

एवढ्यात सिस्टर चहा घेऊन आली. सगळ्यांना देत नाही, पण पाव्हणीला आणला. कप आईपुढे धरला. आईने हात पुढे केला, तो कपाच्या वीतभर डावीकडे गेला. हवेत फिरला आणि मग कपाच्या कानाला लागला. सिस्टरने कप तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, विचारा. किती दिवस?"

मी म्हटलं, वयोमानाने कमी दिसतं.

"मास्तर." एवढंच म्हणाली ती.

मी विचारलं. आणि आईने जे सांगितलं ते सगळं, त्याच क्रमाने, एकही तुकडा न टाकता मी पुढे दिलं. संस्कृत, इंग्रजी, बोटं, जे हाताशी होतं त्यातून. ती म्हणाली, दोन वर्षं झाली. संध्याकाळी दिवा लावला की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं, इंद्रधनुष्यासारखं. मी तेही सांगितलं. म्हणाली, तेव्हा उजवं कपाळ ठणकतं, दोनदा ओकारीही झाली, मला वाटलं शिळा भात. भातही सांगितला. म्हणाली, गेल्या दिवाळीपासून उजव्याने काही दिसत नाही, नुसता उजेड कळतो. डाव्याने नळीतून पाहावं तसं दिसतं. मध्ये दिसतं, कडेला नाही. म्हणून उंबऱ्याला ठेचा लागतात. म्हणाली, आमच्या ह्यांना सांगितलं होतं, पण ते काही ऐकून घेत नाहीत.

हे वाक्यही मी सांगितलं. "ती म्हणते, नवरा ऐकत नाही."

सिस्टर हसली नाही. आईच्या समोर उकिडवी बसली, पापणी वर करून डोळ्यात बॅटरी मारली, मग उठून डॉक्टरांना बोलवायला गेली.

आता ती गोष्ट, जी मी दोन वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवली. आईला कामातून सवड नव्हती म्हणून तिची पत्रं मी लिहीत नव्हतो. तिला लिहिता येत नव्हतं. कागदावरची ओळ तिला सापडत नव्हती. मी लिहिलेल्या पहिल्याच पत्राच्या वेळी तिने मला सांगितलं होतं, "अनूला लिहा, दिव्याभोवती कडं दिसतं म्हणून. ती दवाखान्यात आहे, तिला कळेल." मी हसलो. म्हटलं, चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो, तुझ्या दिव्यालाही पडलं आहे, यंदा पाऊस चांगला होईल. आणि लिहिलं, 'येथील सर्व कुशल.'

पाऊस पडला नाही.

पंचवीस वर्षं मी वर्गात शिकवलं, की जिथे धूर तिथे विस्तव. डोंगरावरचा धूर मला फळ्यावरून दिसायचा. घरातल्या दिव्याभोवतीचा नाही दिसला.

डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी येतात. त्यांनी तपासलं. काचबिंदू म्हणाले. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस सुकते. उजवा गेला, तो परत येणार नाही. डाव्यात थेंब घालत आहेत. मंगळवारी शस्त्रक्रिया करणार. उरलं आहे तेवढं टिकेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "प्रयत्न करू." मी दुभाषाच्या कानाने ऐकलं, यात 'हो' नव्हतं. आणि म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर. वाक्य तिथेच सोडलं. मी पूर्ण करून घेतलं.

आई बायकांच्या वॉर्डात आहे. शरिफा तिच्याजवळ राहिली आहे, वह्या घेऊन. आज सकाळी आईला खुर्चीतून माझ्यापाशी आणलं. तिने तुझ्यासाठी सांगितलं ते मी लिहून घेतलं. मध्ये एकदा माझं पेन थांबलं, ती म्हणाली, "थांबलात का? छाटू नका." तर हे असं :

"अनू, बाळ, मी बरी आहे. मी बरी नाही. माझ्या डोळ्यांचं ह्यांनी लिहिलंच असेल आता. मुबारकबीच्या शेळीला दोन करडं झाली, एक पांढरं आहे म्हणतात. विहीर आटली, टँकर येतो, तेव्हा भांडणं होतात, मी जात नाही, शरिफा आणते. तू रडतेस तर रड, पण न्हाणीघरात नको, कुणाजवळ तरी रड. तो म्हातारा खाणीतला मेला का गं? तो येस म्हणाला की तू त्याचा हात धर, नुसतं येस म्हणू नकोस. इथली ती केरळची मुलगी माझा हात धरते. तिला माझं काही कळत नाही तरी धरते. तिची आई तिकडे हिची वाट बघत असेल. तू आल्यावर हिला घरी जेवायला बोलवू, तिला भात लागतो. लोणचं घातलंय यंदा थोडंच, कैरी महाग. तू ये. तू ये म्हणजे ये. कधीपासून मी ये म्हणतेय, ह्यांनी लिहिलं नाही. मला वाटलं तूच येत नाहीस. रागावू नकोस त्यांच्यावर. नाही, रागाव थोडी. ये."

लिहून झाल्यावर तिने बोटांनी कागद चाचपला. म्हणाली, "बरंच झालं की." मी म्हटलं, पाठ-पोट भरला. तिचा आजवरचा सगळा मजकूर माझ्या हातून हवाईपत्राच्या एका घडीत मावत आला होता.

मार्चअखेरीला तुझी सही व्हायची आहे. हे पत्र दहा दिवसांत पोचावं. मग तीन आठवडे तुझे राहतात. मी मागच्या पत्रात लिहिलं, की प्रश्न तू मला विचारला नव्हतास. आजही विचारलेला नाहीस. तरी उत्तर देतो. ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी पडून आहे, कुठे जात नाही.

तक्रारीचं पत्र मी लिहिलं तेव्हापासून एकच गोष्ट लिहायची टाळतो आहे. आता कागद संपत आला आहे. मला पायाची काळजी नाही. तू सही करशील याचीही नाही, इतकी. मला काळजी याची वाटते, की तू येशील तोवर आईला तू दिसणार नाहीस, आणि का दिसत नाहीस हे तू मला विचारशील.

अण्णा